फायरप्लेसची सुधारणा

थंड हवामानाच्या प्रदेशांतील जुन्या घरांत खोली उबदार ठेवण्यासाठी भिंतीत बांधलेल्या उघड्या शेगडीला फायरप्लेस म्हणतात. जाळासाठी भिंतीत ठेवलेला कोनाडा, त्याच्या पुढची दगडी किंवा विटांची फरशी, कोनाड्याच्या माथ्याशी असलेला अरुंद कंठ, त्यावरचा धूम्रकक्ष, छपराबाहेर जाणारे धुराडे आणि दर्शनी चौकट हे तिचे मुख्य भाग होत. ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशांतील लक्षावधी घरांत अशा फायरप्लेस अद्याप आहेत. त्यांतील पुष्कळशा कालबाह्य झालेल्या असून त्या धूर खोलीत सोडतात, जळण फार खातात किंवा नुसत्याच बंद पडून असतात. त्या पाडून नव्याने बांधणे खर्चाचे असते आणि बहुधा अनावश्यकही असते. फायरप्लेसचा दोष सामान्यतः तिच्या दर्शनी चौकटीत नसून कोनाड्याच्या व कंठाच्या आकारात असतो आणि हा आकार थोड्या विटा व चुना यांच्या साहाय्याने बदलता येतो. ही गोष्ट १७९६ सालीच सप्रयोग दाखविली गेली होती.

रचना व दोष : उघड्या जाळापासून खोलीला उष्णता मिळते ती जवळजवळ सर्वस्वी प्रारणाने, म्हणजे ज्वाला, निखारे आणि तापलेल्या भिंती यांच्यापासून सरळ रेषेत येणाऱ्या किरणांनी. जाळाने तापलेली हवा खोलीत न येता धुराड्यातून वर निघून जाते. तिची जागा घेण्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत ओढली जाते. त्यामुळे जाळापुढे बसलेल्याचा चेहरा भाजतो व पाठ गारठते. उघड्या फायरप्लेसमध्ये जळणातील उष्णतेपैकी सु. १० ते १५ टक्के उष्णताच खोलीच्या उपयोगी पडते. कडक थंडीत, घरात अन्य तापनव्यवस्था चालू असताना फायरप्लेस पेटविल्यास ती घरातील तापलेली हवाच बाहेर काढते व एकंदर हिशेबात घर अधिक थंड होऊ शकते.

धूर खोलीत येण्याची कारणे निराळी आहेत. कोनाडा फार उंच व खोल असेल आणि कंठ रुंद असेल, तर धुराबरोबर खोलीतील पुष्कळ थंड हवाही धुराड्यात शिरते. तिच्यामुळे धुराड्यातील वायू थंड होऊन जड होतात, त्याची ओढ मंदावते व वाऱ्याचा एखादा झोत वरून आला की धूर उलटतो. म्हणजे धूर बाहेर जावा म्हणून ठेवलेली मोठी वाट हीच तो आत येण्याचे कारण ठरते. हे सामान्य समजुतीच्या उलट असल्याने शतकानुशतके गवंड्यांच्या ध्यानात आले नाही. धूर होऊ लागला की ते कंठ आणखी मोठा करीत.

आरंभीचे प्रयत्न : भिंतीतील फायरप्लेस व धुराडे यांचा प्रसार यूरोपात बाराव्या शतकापासून, प्रथम किल्ल्यांतून व नंतर धनिकांच्या घरांतून झाला. इंग्लंडमध्ये १६६२ ते १६८९ या काळात प्रत्येक चुलाण्यामागे वर्षाला दोन शिलिंग कर घेतला जाई, यावरून तेथे फायरप्लेस हे घराच्या ऐपतीचे माप मानले जाई असे दिसते. तिच्यात सुधारणा करण्याचा शास्त्रीय प्रयत्न मात्र फ्रान्समध्ये आधी झाला. लूई साव्हो या वैद्याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिस येथील लूव्हर राजवाड्यात जाळाखालून व पाठीमागून हवेचे मार्ग नेऊन तापलेली हवा पुन्हा खोलीत सोडण्याची व्यवस्था केली. निकोला गोझे यांनी १७१३ मध्ये याच तत्त्वावर पोकळ पाठीच्या फायरप्लेसचे वर्णन प्रसिद्ध केले. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी पेनसिल्व्हेनियात तयार केलेली व १७४४ च्या पुस्तिकेत वर्णिलेली बिडाची शेगडी जुन्या कोनाड्यातच बसविता येत असे. तिचे एकस्व घेण्यास त्यांनी नकार दिला. तथापि तिच्यात धूर आधी खाली वळवून मग धुराड्यात न्यावा लागे व त्यामुळे ती नीट ओढ घेत नसे. पुढे इतरांनी तिच्यात फेरफार केल्यावरच ती लोकप्रिय झाली. या सर्व युक्त्यांना ओतकाम, नळ्या किंवा भिंतीची तोडफोड लागे. सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातील उपाय अद्याप पुढे आला नव्हता.

रम्फर्ड यांची सुधारणा : बेंजामिन टॉम्पसन ऊर्फ काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) हे मूळचे मॅसॅचूसेट्‌सचे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी इंग्रजांचा पक्ष घेतला, पुढे ते बव्हेरियाच्या सेवेत गेले आणि तेथे असताना त्यांना काउंट ही पदवी मिळाली. तोफांना भोके पाडताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून त्यांनी काढलेले अनुमान भौतिकीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. परंतु त्यांच्या समकालीनांना ते अधिक परिचित होते ते फायरप्लेसमुळे. १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी धूर सोडणाऱ्या सु. ५०० फायरप्लेस स्वतः हाताळल्याचे नमूद केले आहे. त्या नव्या बांधाव्यात असे न सांगता, असलेल्या कशा बदलाव्यात हे त्यांनी गवंड्याला समजेल अशा भाषेत लिहिले, हे त्या निबंधाचे वैशिष्ट्य होय.

त्यांचा मुख्य नियम असा : कंठाची पुढून मागेपर्यंतची रुंदी सु. १० सेंमी. (४ इंच) एवढीच ठेवावी आणि कंठ जाळाच्या बरोबर वर आणावा. यासाठी कोनाड्यात नवी पाठभिंत बांधून ती पुढे आणावयाची. ही भिंत कंठाच्या पातळीवर एकदम संपत असल्याने तिच्या माथ्यावर एक सपाट फळी तयार होते व धुराड्यातून खाली येणारा वाऱ्याचा झोत तिच्यावर आपटून जिरतो. कोनाड्याच्या बाजूच्या भिंती पूर्वी पाठीशी काटकोनात असत आणि त्यांच्यावर पडणारी उष्णता समोरच्या भिंतीवरच जाई. रम्फर्ड यांनी त्या पाठभिंतीशी १३५° चा कोन करून तिरप्या बांधल्या. पाठीची रुंदी कोनाड्याच्या खोलीएवढी घेतली, की दर्शनी तोंड आपोआप पाठीच्या तिप्पट रुंद होते. उदा., तोंड १ मी. रुंद असल्यास पाठ व खोली प्रत्येकी सु. ३३ सेंमी. येते. गवंड्याने दर्शनी भिंतीच्या आतल्या कडेपासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने या रेषा आखाव्यात व तिरप्या भिंतींसाठी लाकडी फळ्यांचा १३५° चा कोनमापक करून घ्यावा, इतक्या बारकाईने हे सांगितलेले आहे. दर्शनी भिंतीची आतली खालची कड गिलावा देऊन गोलसर करावी, म्हणजे धूर न अडखळता वर सरकतो, हीही त्यांचीच सूचना.

साहित्याविषयी त्यांचे मत तत्कालीन रूढीच्या विरुद्ध होते. लोखंडी पत्रे लावलेले कोनाडे दिसायला आधुनिक वाटत. पण लोखंड उष्णता आपल्यात ओढून घेते आणि जाळ थंड करते. वीट व अग्निसह दगड लवकर तापून प्रारण बाहेर टाकतात. म्हणून लोखंड काढून टाकावे, विटा वापराव्यात आणि बाजूच्या तिरप्या भिंतींना पांढरी सफेती द्यावी, असे ते सांगत. एका जोडाक्षरी शास्त्रीय नावापेक्षा चुन्याचा एक हात जास्त उपयोगी पडण्याचे हे एक उदाहरण म्हणता येईल. कंठ इतका अरुंद केल्यावर धुराडे साफ करणाऱ्याने वर कसे जावे, हा प्रश्न होता. त्यासाठी पाठभिंतीच्या वरच्या भागात सु. ३० सेंमी. रुंदीची जागा मोकळी ठेवून ती कौलाने किंवा सुट्या दगडाने बंद करावी, म्हणजे सफाईच्या वेळी तो दगड काढता येतो, अशी तजवीज त्यांनी केली. या सुधारणेचे एकस्व त्यांनी घेतले नाही.

तिचा प्रसार झपाट्याने झाला. १८०० मध्ये जेम्स गिलरे या व्यंग्यचित्रकाराने कोटाचे पल्ले वर धरून जाळापुढे पाठ शेकत उभे असलेले रम्फर्ड रेखाटले. जेन ऑस्टिन यांच्या १८१७ च्या अखेरीस प्रकाशित झालेल्या नॉर्थअँगर ॲबी या कादंबरीत प्राचीन मठातील कोरीव, भव्य चुलाणे पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्या नायिकेला तेथे रम्फर्ड पद्धतीने आवळलेली फायरप्लेस पाहून हिरमुसावे लागते. जुन्या फायरप्लेसची शोभा राखावी की तिची ऊब वाढवावी, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

रम्फर्ड यांनी स्वयंपाकासाठीही विटांच्या बांधकामात जाळ बंदिस्त करून, प्रत्येक भांड्याखाली वेगळा जाळ व झडप ठेवलेल्या चुली बव्हेरियात बांधविल्या होत्या. जाळ कोंडणे, हवा मोजून देणे आणि धुराला स्वतंत्र वाट ठेवणे हीच तत्त्वे वर्धा येथील मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने विकसित केलेल्या मगन चुलीत व महाराष्ट्राच्या खेड्यांत नंतर बसविलेल्या निर्धूर चुलींत दिसून येतात. या चुलीही जुन्या जागी, स्थानिक माती व विटा वापरूनच बांधल्या जात.

दगडी कोळशाचा काळ : ब्रिटनमध्ये लाकडाची जागा दगडी कोळशाने आधीच बरीचशी घेतली होती आणि एकोणिसाव्या शतकात बाजारात बिडाच्या ओतीव जाळ्या व चौकटी स्वस्त मिळू लागल्या. त्यांच्या निर्मात्यांनी रम्फर्ड यांचे नाव घेतले, परंतु त्यांनी निषिद्ध मानलेले लोखंड पुन्हा कोनाड्यात आणले. अरुंद, वाकड्या धुराड्यांत सफाईसाठी लहान मुलांना चढविण्याची क्रूर प्रथा याच काळात बळावली. काजळीमुळे धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ मध्येच केले होते. व्यवसायजन्य कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. मुलांना धुराड्यांत चढविण्यास परिणामकारक आळा बसण्यास १८७५ चा कायदा यावा लागला.

लीड्‌स येथील शस्त्रवैद्य टॉमस प्रिजिन टील यांनी १८८० नंतरच्या दशकात सुचविलेला उपाय रम्फर्ड यांच्याइतकाच साधा होता. कोळशाच्या जाळीखालील मोकळ्या जागेसमोर लोखंडी पत्र्याची एक आडभिंत उभी केली, की खालून येणारा थंड हवेचा झोत अडतो, राखेची जागा तप्त राहते आणि कोळसा सावकाश व पूर्ण जळतो. असा पत्रा कोणताही लोहार थोडक्या पैशांत करून देई. जाळीची पाठ व बाजू अग्निसह मातीच्या असाव्यात आणि पाठ पुढे झुकलेली असावी, असेही टील सांगत.

धूरनियंत्रण व सरकारी साहाय्य : फायरप्लेस हा घरमालकाचा खासगी प्रश्न राहिला नाही तो १९५२ च्या डिसेंबरात. ५ ते ९ डिसेंबर या पाच दिवसांत घरगुती शेगड्या, वीजकेंद्रे व कारखाने यांचा धूर धुक्यात साचून लंडनमध्ये तत्कालीन सरकारी अंदाजानुसार सु. ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा सु. १२,००० पर्यंत धरला आहे. १९५६ च्या स्वच्छ हवा अधिनियमाने स्थानिक संस्थांना धूरनियंत्रित क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. अशा क्षेत्रात जुनी जाळी काढून कोक किंवा अन्य निर्धूर इंधन जाळणारी जाळी, वायुशेगडी वा विजेची शेगडी बसवावी लागे, परंतु त्याच्या वाजवी खर्चाचा सात-दशांश भाग स्थानिक संस्था परत करी. सार्वजनिक पैशातून सामान्यांच्या घरांतील शेगड्या सुधारण्याचा हा बहुधा सर्वांत मोठा प्रयोग असावा. या काळात असंख्य जुन्या चौकटी उखडल्या गेल्या. ज्यांना तेवढेही करावयाचे नव्हते त्यांनी कोनाड्यापुढे हार्डबोर्ड ठोकून तो रंगवून टाकला. या आळसामुळे पुष्कळ जुन्या चौकटी व चिनी मातीच्या फरशा शाबूत राहिल्या. हार्डबोर्ड काढताच त्या मिळण्याची उदाहरणे ब्रिटनमध्ये अनेक आहेत.

इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून ओल्या लाकडाच्या लहान मोळ्या व पिशव्यांतील घरगुती दगडी कोळसा यांच्या विक्रीवर निर्बंध आले. लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओलावा असू नये, असा नियम आहे. ओले लाकूड वापरीत राहून फायरप्लेसवर खर्च करणे व्यर्थ होय. वाळलेले लाकूड हीच पहिली सुधारणा.

सद्यकालीन पद्धती : जुनी फायरप्लेस वापरात आणावयाची असल्यास प्रथम धुराडे साफ करून तपासून घेतात. हा खर्च टाळून रंगरंगोटीला आरंभ करणे धोक्याचे असते. ब्रिटनमधील जुन्या धुराड्यांना आतून चुना व गाईचे शेण यांचा गिलावा केलेला असे. तो कालांतराने झडतो, विटांचे सांधे उघडे पडतात आणि त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व प्राणघातक वायू शयनगृहातही झिरपू शकतो. लाकडाच्या धुरातील क्रिओसोट धुराड्यात साचून पेट घेतो, तो वेगळा धोका. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अग्निसुरक्षा मानकात धुराड्याची वर्षातून एकदा तपासणी सांगितली आहे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे उपकरण स्वस्त असते व जेथे काहीही जाळले जाते त्या खोलीत ते असावेच लागते.

धूर उलटत असेल, तर एक सोपी चाचणी घेतात. जाळ चांगला पेटल्यावर कोनाड्याच्या तोंडाच्या वरच्या कडेशी न जळणाऱ्या पदार्थाची रुंद पट्टी धरून ती हळूहळू खाली आणतात. धूर यावयाचा थांबतो त्या उंचीवर धातूची पट्टी कायमची बसविली, की तोंड व धुराडे यांचे प्रमाण जुळते. चौरस धुराड्याचे छेदक्षेत्र तोंडाच्या क्षेत्रफळाच्या सु. एक-दशांश, तर गोल धुराड्याचे सु. एक-द्वादशांश असावे लागते. धुराड्याचे टोक छपरापासून निदान ९० सेंमी. आणि ३ मी. अंतरातील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा ६० सेंमी. उंच असावे, हा अमेरिकेतील नियमही त्याच हेतूने केलेला आहे. याहून पुढे जावयाचे असल्यास रम्फर्ड पद्धतीने उच्चतापसह विटांच्या तिरप्या भिंती बांधता येतात. काम एखाददुसऱ्या दिवसाचे असले, तरी जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्यावे लागते.

जाळ नसताना उघडा कंठ म्हणजे रात्रंदिवस उघडी राहिलेली खिडकी होय. बिडाची जुनी झडप गंजून वाकडी झालेली असल्यास धुराड्याच्या टोकावर साखळीने उघडझाप होणारी झडप बसवितात किंवा कंठात हवा भरलेली पिशवी अथवा लोकरीचा जाड बोळा घालतात. खर्चाच्या मानाने सर्वांत अधिक लाभ बहुधा याच उपायाने होतो. मात्र बोळा घातल्याची खूण कोनाड्यात लोंबती ठेवावी लागते, एरवी पुढचा जाळ पेटविताच घरभर धूर होतो.

कोनाड्यात बसणारी बंद काचेची लाकूडशेगडी घेतल्यास कार्यक्षमता ६५ ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. परंतु तिच्या किंमतीत धुराड्याच्या अस्तराची किंमत धरावीच लागते. बंद शेगडीतून निघणारे थोडे व थंड वायू जुन्या रुंद धुराड्यात सोडल्यास ते वाटेतच निवतात व क्रिओसोट साचतो. म्हणून अगंज पोलादाची लवचीक नळी टोकापर्यंत नेतात. स्वस्तात शेगडी मिळाली व अस्तर राहून गेले, हा सर्वांत महाग पडणारा प्रकार होय. उघड्या कोनाड्यात वायूवर चालणारी कृत्रिम ओंडक्यांची शेगडी ठेवल्यास कंठाची झडप कधीच पूर्ण मिटू नये अशी अडकवून टाकावी लागते. विजेच्या शेगडीला धुराडे लागत नाही. तिच्यात ज्वाला केवळ देखाव्यापुरती असते.

दर्शनी भाग : फायरप्लेस जुनाट दिसते म्हणून बदलण्याची इच्छा असेल, तर खर्च आणखी कमी होतो. ब्रिटनमध्ये १९३० नंतरच्या तपकिरी व पिवळट फरशांच्या चौकटी, अमेरिकेत १९७० च्या सुमाराच्या जमिनीपासून छतापर्यंतच्या खडबडीत विटांच्या भिंती व पितळी चौकटीची काचदारे यांना आता फारशी पसंती नाही. विटा काजळी धुऊन कोरड्या केल्यावर त्यांना पातळ चुन्याचा हात देता येतो. चुना विटांतील ओल अडवीत नाही आणि नको झाल्यास पुष्कळसा घासून काढता येतो. तैलरंग मात्र विटांतून पुन्हा निघत नाही. पितळी दारे काढून टाकण्याऐवजी त्यांना उष्णता सोसणारा काळा रंग दिल्यास ती वेगळीच दिसू लागतात. कोनाड्याच्या आत साधा रंग वापरता येत नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते (अमेरिकेत असा घरगुती रंग १९७८ मध्ये निषिद्ध झाला) आणि विसाव्या शतकातील शेगड्यांच्या दोऱ्या व तक्ते यांत ॲस्बेस्टस असू शकते. ते घासणे किंवा फोडणे फरशी बदलण्यापेक्षा कितीतरी महागात पडते. नवी लाकडी चौकट तोंडापासून निदान १५ सेंमी. दूर असावी लागते. पुढची न जळणारी फरशी साधारण आकाराच्या फायरप्लेसला समोर ४० सेंमी. व दोन्ही बाजूंना २० सेंमी. तरी असावी, असे अमेरिकेतील बांधकाम-नियम सांगतात. शोभेसाठी नदीतील गोटे जाळाजवळ मांडू नयेत, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

भारतात अशा फायरप्लेस मुख्यतः ब्रिटिशांनी वसविलेल्या थंड हवेच्या ठिकाणी, विशेषतः सिमला, मसूरी, दार्जिलिंग व निलगिरीतील बंगल्यांत आढळतात. महाबळेश्वरच्या काही जुन्या बंगल्यांतही त्या आहेत. तेथे त्या क्वचितच पेटतात आणि पावसाळ्यात धुराड्यातून उतरणारे पाणी हीच त्यांची मुख्य तक्रार असते. वापरात नसलेले धुराडे वरून पूर्ण लिंपून टाकल्यास आतली ओल कोंडते व भिंतीवर काजळीचे तपकिरी डाग उमटतात. म्हणून टोकावर पाऊस अडविणारे पण वारा खेळू देणारे झाकण बसवितात आणि खाली कोनाडा बंद करताना त्यात जाळीदार झरोका ठेवतात.